झाडावरून उतरलेला डायनासोर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. त्याच्या नैर्ऋत्य बाजूचे कडे मऊ, मातकट खडकाचे. दर हिवाळ्यात समुद्र ते पोखरतो, दरडी कोसळतात आणि कोसळलेल्या मातीतून हाडं बाहेर पडतात. १८४९ मध्ये काउलीझ चाइन नावाच्या घळीपासून थोड्या अंतरावर मजुरांना असाच हाडांनी भरलेला एक दगड मिळाला. त्याचे दोन तुकडे झाले आणि ते दोन वेगवेगळ्या संग्राहकांकडे गेले. एक तुकडा गिडियन मँटेल यांनी घेतला, दुसरा जेम्स स्कॉट बॉवरबँक यांनी. दोन्ही तुकड्यांमधली हाडं एकाच प्राण्याची होती. फार तर माणसाच्या उंचीइतक्या लांबीचा, सडपातळ पायांचा तो प्राणी होता.

मँटेल पेशाने डॉक्टर. १८२५ मध्ये त्यांनीच काही दातांवरून इग्वानोडॉन या प्रचंड शाकाहारी सरपटणाऱ्या प्राण्याला नाव दिलं होतं. नव्या दगडातली हाडं पाहून त्यांनी ती इग्वानोडॉनच्या पिल्लाची ठरवली. १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनीही तेच म्हटलं. ‘डायनासोर’ हा गट ज्यांनी १८४२ मध्ये बांधला, ते हेच ओवेन. त्या वेळी या गटात तीनच प्राणी होते आणि तिन्ही अवाढव्य. १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत त्यांचे मोठमोठे पुतळे उभे राहिले होते आणि लोक ते बघायला लोटत होते. डायनासोर म्हणजे महाकाय, हे समीकरण तेव्हा इतकं पक्कं होतं की लहान हाडं दिसली की ती पिल्लाचीच असणार, असं वाटणं स्वाभाविक होतं. त्या दोघांना मी दोष देणार नाही. तीन नमुन्यांवरून संपूर्ण सृष्टीची कल्पना करायची, तर ती त्या तिघांसारखीच होणार. पण या लहान प्राण्याच्या वाट्याला जे पुढे शंभराहून अधिक वर्षं आलं, त्याची सुरुवात इथे झाली. प्रत्येक पिढीने त्याच्याकडे पाहिलं ते स्वतःच्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर शोधत, आणि तो स्वतः कोण आहे हा प्रश्न मागे राहत गेला.

हा प्रश्न पहिल्यांदा मनापासून विचारला तो एका धर्मोपदेशकाने. रेव्हरंड विल्यम फॉक्स १८६२ मध्ये बेटावरच्या ब्राइस्टोन गावच्या चर्चमध्ये दुय्यम धर्मोपदेशक म्हणून आले. गाव समुद्राजवळ, कडे हाकेच्या अंतरावर. फॉक्स यांना हाडांचं वेड लागलं. चर्चच्या कामापेक्षा हाडं त्यांना आधी सुचतात, अशी तक्रार गावात होत असे. खिशात जगण्यापुरता पैसा आहे तोवर ही जागा आपल्याला सोडवणार नाही, जुन्या ड्रॅगनांच्या शोधात इतका आनंद आहे, अशा आशयाचं त्यांनी ओवेन यांना लिहिलं होतं. विद्यापीठाचं पाठबळ नसलेला हा माणूस दरड कोसळली की किनाऱ्यावर हजर असायचा. एखादं हाड भरतीत वाहून जाण्याआधी उचलायचं, मातीतून मोकळं करायचं, त्याच्या शेजारी काय सापडलं ते लक्षात ठेवायचं, हे सारं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. या बेटावरचे कितीतरी प्राणी शास्त्राला माहीत झाले ते फॉक्स यांच्यामुळे, आणि त्यातल्या अनेकांच्या शास्त्रीय नावात आजही ‘फॉक्स’ आहे.

त्यांना याच प्राण्याची आणखी हाडं मिळाली, आणि मग एक कवटीही. ती फारशी चांगल्या अवस्थेत नव्हती, पण ती इग्वानोडॉनच्या कवटीसारखी नाही हे त्यांना दिसलं. १८६८ मध्ये नॉर्विचला ब्रिटिश असोसिएशनचं अधिवेशन भरलं, तेव्हा ती कवटी तिथे मांडण्यात आली. थॉमस हेन्री हक्स्ली यांनी ती पाहिली. हक्स्ली म्हणजे डार्विनचे कडवे पाठीराखे आणि ओवेन यांचे तितकेच कडवे विरोधक. माणसाच्या आणि वानराच्या मेंदूवरून दोघांमध्ये काही वर्षांपूर्वी उघड वाद झडला होता. हक्स्लींनी फॉक्स यांच्या कवटीची तुलना मँटेल-बॉवरबँक दगडाशी केली आणि १८६९ मध्ये या प्राण्याला स्वतंत्र नाव दिलं: हिप्सिलोफोडॉन फॉक्सी. १८७० मध्ये सविस्तर वर्णन आलं. इग्वानोडॉनच्या तोंडाचा पुढचा भाग बिनदातांचा, चोचीसारखा असतो. हिप्सिलोफोडॉनच्या वरच्या जबड्यात मात्र अगदी पुढेही दात होते, दोन्ही बाजूंना पाच-पाच. मोठं होताना एखाद्या पिल्लाचे पुढचे सगळे दात नाहीसे होऊन तिथे चोच येईल, हे मानायला जागा नव्हती.

ओवेन मात्र हटले नाहीत. १८७४ मध्ये त्यांनी हा प्राणी इग्वानोडॉनचीच एक जात आहे असा आग्रह धरला आणि त्याला ‘इग्वानोडॉन फॉक्सी’ म्हटलं. त्या आग्रहामागे हाडं किती होती आणि हक्स्लींचं नाव किती, हे वेगळं काढणं कठीण आहे.

पण हक्स्लींची नजर तरी या प्राण्यावर स्थिर होती का? त्यांना हवं होतं ते पक्ष्यांचं मूळ. त्या काळात डायनासोर आणि पक्षी यांचं नातं सिद्ध करण्यासाठी ते पुरावे गोळा करत होते. हिप्सिलोफोडॉनच्या कमरेच्या हाडात त्यांना अशी गोष्ट दिसली की ते खूश झाले. जघनास्थी, म्हणजे कमरेचं पुढचं हाड, इतर सरपटणाऱ्या प्राण्यांप्रमाणे पुढे न झुकता पक्ष्यांप्रमाणे मागे वळलेलं होतं. हक्स्लींनी ते आपल्या युक्तिवादात वापरलं. पुढे १८८७ मध्ये हॅरी सीली यांनी डायनासोरांचे दोन मोठे गट पाडले ते याच हाडाच्या ठेवणीवरून. आज आपल्याला ठाऊक आहे की पक्षी आले ते दुसऱ्या गटातून, मांसाहारी डायनासोरांच्या शाखेतून. हक्स्लींचा निष्कर्ष बरोबर होता, त्यासाठी त्यांनी उभा केलेला हा साक्षीदार मात्र त्या घराण्यातला नव्हता. मागे वळलेलं ते हाड दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडलं होतं. शाकाहाऱ्याच्या मोठ्या आतड्याला पोटात मागे जागा मिळावी यासाठी ते मागे सरकलं असावं, असा एक तर्क आहे.

फॉक्स १८८१ मध्ये वारले. त्यांचा पाचशेहून अधिक नमुन्यांचा संग्रह पुढच्या वर्षी ब्रिटिश म्युझियमने घेतला. १८८२ हे वर्ष या प्राण्याच्या इतिहासात सगळ्यात गजबजलेलं. त्याच वर्षी बेल्जियमच्या लुई डोलो यांनी हिप्सिलोफोडॉनसाठी स्वतंत्र कुल स्थापन केलं: हिप्सिलोफोडॉन्टिडी. बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीतून निघालेले इग्वानोडॉनचे सांगाडे डोलो तेव्हा ब्रसेल्समध्ये जोडून उभे करत होते, त्यामुळे दोघांमधला फरक त्यांच्याइतका जवळून पाहणारा दुसरा कुणी नव्हता. आणि त्याच वर्षी जॉन व्हिटेकर हुल्क यांनी हिप्सिलोफोडॉनच्या जवळपास प्रत्येक हाडाचं वर्णन करणारा मोठा निबंध प्रसिद्ध केला. हुल्क शल्यचिकित्सक होते, हाडांकडे बघण्याची त्यांची नजर सरावलेली होती.

इथे आपल्याकडचा एक धागा सहज जुळतो. फॉक्स यांच्या संग्रहासह ब्रिटिश म्युझियममधल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जीवाश्मांची यादी ज्यांनी तयार केली, ते रिचर्ड लायडेकर त्याआधी भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. जबलपूरच्या हाडांवरून १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस हे नाव त्यांनीच दिलं, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या हाडांचाही त्यांनी अभ्यास केला. आपल्या खडकांमधले ते राक्षसी लांबमाने प्राणी आणि वाइट बेटावरची ही लहानखुरी मंडळी एकाच माणसाच्या टेबलावरून गेली आहेत.

हुल्क यांच्या निबंधात एक वाक्य असं होतं की त्याने पुढची नव्वद वर्षं व्यापली. या प्राण्याची बोटं आणि नख्या पाहता तो खडकांवर आणि झाडांवर चढत असावा, असं त्यांनी सुचवलं. ती सूचना होती, एवढंच. १९१२ मध्ये ऑस्ट्रियाच्या ओथेनिओ आबेल यांनी तिचा सिद्धान्त केला. हिप्सिलोफोडॉनच्या पायाचं पहिलं बोट उरलेल्या तीन बोटांच्या समोर येऊ शकत होतं, म्हणजे फांदी पकडू शकत होतं, असं त्यांचं म्हणणं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. सगळ्या डायनासोरांचे पूर्वज झाडांवर राहणारे होते आणि हिप्सिलोफोडॉनने ती जुनी रीत टिकवून ठेवली, असं त्यांनी मांडलं. जर्मनीच्या फ्रीडरिक फॉन ह्यूने यांना शंका होती. डेन्मार्कच्या गेरहार्ड हाइलमन यांनी मात्र १९१६ मध्ये ही कल्पना उचलली आणि झाडावर राहणाऱ्या कांगारूचं उदाहरण दिलं. न्यू गिनीच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या जंगलांत असे कांगारू खरोखर आहेत: जमिनीवरच्या उड्या मारणाऱ्या घराण्यातले, पण झाडावर परतलेले.

हाइलमन यांच्याबद्दल मला विशेष आदर वाटतो. दहा वर्षांनी, १९२६ मध्ये, त्यांनी स्वतःचं मत मागे घेतलं. पहिल्या बोटाचं तळपायातलं हाड दुसऱ्या हाडाला घट्ट चिकटलेलं आहे, तेव्हा ते बोट फिरून समोर येणं शक्य नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. प्रश्न तिथेच संपायला हवा होता. आबेल यांनी ते मानलं नाही. १९३६ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे विल्यम एल्गिन स्विंटन आबेल यांच्या बाजूने उभे राहिले. हाड घट्ट असलं तरी त्यावरचं बोट हलू शकतं, असा त्यांचा दावा होता. स्विंटन यांनी सामान्य वाचकांसाठी डायनासोरांवर पुस्तकं लिहिली आणि ती फार वाचली गेली. परिणाम असा की तीन दशकांहून अधिक काळ मुलांच्या पुस्तकांत हिप्सिलोफोडॉन फांदीवर बसलेलाच दिसला. ज्या प्राण्याचे सांगाडे लंडनच्या संग्रहालयात ठेवलेले होते, ज्यांची बोटं कुणीही मोजू शकत होतं, तो पुस्तकातल्या चित्रांच्या जोरावर झाडावर राहिला. चुकीचं विधान दुरुस्त करणं सोपं असतं. मनात बसलेलं चित्र पुसायला फार मोठा पुरावा लागतो.

तो पुरावा दिला पीटर गॉल्टन यांनी. १९६९ मध्ये त्यांनी या प्राण्याच्या स्नायूंची आणि सांगाड्याची नव्याने मांडणी केली आणि दाखवून दिलं की तो ताठ उभा राहत नसे. त्याची पाठ जमिनीला समांतर असे आणि शेपटी मागे सरळ. १९७१ मध्ये त्यांनी आबेल यांचा एकेक मुद्दा तपासला. पहिलं बोट चुकीच्या पद्धतीने जोडलं गेलं होतं. नख्यांचा बाक चढणाऱ्या प्राण्यांच्या नख्यांसारखा नव्हता. खांद्याच्या हालचालीत चढण्याची काही खास सोय नव्हती. शेपटीच्या मागच्या भागात स्नायुबंध हाडासारखे कडक झालेले होते, त्यामुळे तोल सांभाळण्यासाठी ती उत्तम, पण फांद्यांमधून वळवण्यासाठी निरुपयोगी. १९७४ मध्ये त्यांचा संपूर्ण ग्रंथ आला आणि हिप्सिलोफोडॉन जमिनीवर उतरला तो कायमचा.

मग तो होता तरी कसा? लांबी सुमारे १.८ मीटर, त्यातला बराचसा भाग शेपटीचा. वजन एखाद्या चिंकाऱ्याइतकं, साधारण २० किलो. पायाची ठेवणही चिंकाऱ्याची आठवण करून देणारी आहे. मांडीचं हाड आखूड, नडगीचं त्याहून लांब, आणि तळपायाची हाडंही लांबलेली. मांसल भाग सगळा वर, कमरेपाशी. खाली हलका, लांब पाय, जो पटकन पुढे टाकता येतो. पळणाऱ्या प्राण्यांमध्ये ही रचना पुन्हा पुन्हा दिसते. डोळे मोठे, बुबुळाभोवती पातळ हाडांचं कडं. तोंडाच्या टोकाला चोच, तिच्यामागे ते पाच-पाच पुढचे दात, आणि गालात पानं कातरणारे दात, जे एकमेकांवर घासून धारदार राहत. १९८४ मध्ये डेव्हिड वाइशॅम्पेल यांनी दाखवलं की खालचा जबडा मिटताना वरच्या जबड्याची बाजू किंचित बाहेर सरकत असावी, आणि त्यामुळे चावण्यात आडवी घासणी येत असावी. गालांची पोकळीही होती, म्हणजे चावलेला पाला तोंडाबाहेर गळत नसे. कवच नाही, शिंगं नाहीत, मोठे दात नाहीत. निओव्हेनेटरसारखा मांसाहारी समोर आला तर पळणं हाच त्याचा बचाव.

तो राहत होता त्या प्रदेशाचंही बरंच कळलं आहे. आजपासून सुमारे १२.५ कोटी वर्षांपूर्वी वाइट बेटाच्या जागी नद्यांचं विस्तीर्ण पूरमैदान होतं. हवामान उष्ण, वर्षातले काही महिने कोरडे, अधूनमधून वणवे. वणव्यांत जळालेल्या लाकडाचा कोळसा त्या थरांमध्ये आजही सापडतो. हिप्सिलोफोडॉनची जवळपास सगळी चांगली हाडं एकाच थरातून येतात. जेमतेम एक मीटर जाडीचा हा थर किनाऱ्यावर सुमारे १,२०० मीटर दिसतो आणि त्याला हिप्सिलोफोडॉनचंच नाव आहे. त्यातून शंभराच्या आसपास प्राणी निघाले असावेत. अनेक सांगाड्यांची हाडं अजून एकमेकांना जोडलेली आहेत, मांसाहाऱ्यांनी त्यांना फाडलेलं नाही. कुजायला, विखुरायला वेळच मिळाला नाही. मोठा पूर आला असेल, किंवा कळप दलदलीत रुतला असेल. कशानेही असो, एका छोट्या भागात इतके प्राणी झपाट्याने गाडले गेले, आणि त्यांच्या त्या मरणामुळेच आपण त्यांच्याविषयी इतकं जाणतो.

गॉल्टन यांच्या कामाने या कुलाला नवं महत्त्व दिलं, आणि त्याचबरोबर नवं ओझंही. जगात कुठेही दोन पायांवर पळणारा लहान शाकाहारी डायनासोर सापडला की तो हिप्सिलोफोडॉन्टिडीमध्ये जाऊ लागला. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया, सगळीकडचे. हे कुल कोट्यवधी वर्षं फारसं न बदलता चालत आलेला खोडाचा भाग आणि मोठे इग्वानोडॉन, बदकचोची डायनासोर या त्याच्या फांद्या, असं चित्र रूढ झालं. त्या काळात या नावाखाली जे जे शोध लागले ते विलक्षण होते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात डायनासोर कोव्ह नावाच्या किनाऱ्यावर टॉम रिच आणि पॅट्रिशिया व्हिकर्स-रिच या दांपत्याने १९८४ पासून दहा वर्षं खोदकाम केलं. खडक इतका टणक की सुरुंग लावून बोगदा करावा लागला. तिथल्या लीलिनासोरा या प्राण्याचं नाव त्यांनी १९८९ मध्ये आपल्या मुलीच्या नावावरून ठेवलं. या प्राण्याच्या काळी ऑस्ट्रेलियाचा हा भाग दक्षिण ध्रुववृत्ताच्या आत होता, हिवाळ्यात दीर्घ अंधार असे, आणि या लहान प्राण्याच्या मेंदूतला दृष्टीचा भाग मोठा होता. डायनासोर फक्त उष्ण प्रदेशात जगू शकतात, ही समजूत खिळखिळी करण्यात या मंडळींचा मोठा वाटा आहे.

माँटानातली गोष्ट मात्र उलट्या दिशेने गेली. तिथे जॅक हॉर्नर आणि वाइशॅम्पेल यांनी १९८८ मध्ये ओरोड्रोमियस हा नवा ‘हिप्सिलोफोडॉन्टिड’ जाहीर केला. जवळच घरट्यांमध्ये अंडी होती, अंड्यांमध्ये भ्रूण. भ्रूणांच्या पायांचे सांधे चांगले घडलेले होते, त्यावरून पिल्लं जन्मताच पळू शकत असावीत असा निष्कर्ष निघाला. पुढे १९९० च्या दशकात ते भ्रूण पुन्हा तपासले गेले आणि ते ट्रूडॉनचे ठरले, म्हणजे पक्ष्यांच्या जवळच्या, पार वेगळ्या शाखेतल्या प्राण्याचे. खुद्द हॉर्नर आणि वाइशॅम्पेल यांनीच १९९६ मध्ये ही दुरुस्ती प्रसिद्ध केली. ओरोड्रोमियसच्या नात्यातल्या दुसऱ्या एका प्राण्याने मात्र पालकत्वाचा पुरावा खरोखर मागे ठेवला. २००७ मध्ये डेव्हिड व्हॅरिकियो आणि सहकाऱ्यांनी माँटानाच्याच ९.५ कोटी वर्षं जुन्या खडकातून ओरिक्टोड्रोमियसचं वर्णन केलं. वळणदार बिळाच्या टोकाशी एक प्रौढ आणि दोन पिल्लं एकत्र गाडली गेली होती. पळणाऱ्या या प्राण्यांपैकी काही जमीन खोदून त्यात पिल्लं सांभाळत होते, हे त्याआधी कुणाच्याही चित्रात नव्हतं.

आणि याच काळात ते कुल विरघळत चाललं होतं. १९९० पर्यंत हान्स-डीटर स्यूस आणि डेव्हिड नॉर्मन यांच्यासारखे अभ्यासक त्याला खरंखुरं, एकाच पूर्वजापासून आलेलं कुल मानत होते. मग संगणकाच्या साहाय्याने शेकडो लक्षणांची तुलना करून वंशवृक्ष मांडले जाऊ लागले. त्यात दिसलं की या प्राण्यांमध्ये समान होतं ते एवढंच की ते लहान होते, दोन पायांवर पळत होते आणि पाला खात होते. काही इग्वानोडॉनच्या जवळचे निघाले. ओरोड्रोमियस, ओरिक्टोड्रोमियस आणि अमेरिकेतला थेसेलोसॉरस यांचं वेगळं कुल झालं. एकेक करून सगळे बाहेर पडले आणि डोलो यांनी १८८२ मध्ये बांधलेल्या घरात पुन्हा एकटा हिप्सिलोफोडॉन उरला. मला यात नुकसान दिसत नाही. ज्या प्राण्यांना आपण ‘लहान’ या एकाच लक्षणावरून एकत्र कोंबलं होतं, त्यांना प्रथमच आपापला वेगळा इतिहास मिळाला.

त्यानंतरचा शोध पुन्हा वाइट बेटाचाच आहे. २०२३ मध्ये निकोलस लाँगरिच, डेव्हिड मार्टिल आणि सहकाऱ्यांनी तिथून व्हेक्टिड्रोमियस इन्सुलारिस या नव्या प्राण्याची घोषणा केली. नमुना कोंबडीएवढ्या पिल्लाचा आहे, मुख्यतः मागचे पाय आणि कमरेचा भाग. हिप्सिलोफोडॉनचा तो इतका जवळचा आहे की अभ्यासकांनी त्याला त्याच कुलात ठेवलं, आणि या कुलाला दुसरा सदस्य मिळाला. पण मांडीच्या आणि कमरेच्या हाडांचे बारकावे वेगळे आहेत, आणि तो हिप्सिलोफोडॉनच्या प्रसिद्ध थरातून नव्हे, त्याच्या बऱ्याच खालच्या, अधिक जुन्या थरातून आला आहे. दीडशे वर्षं या बेटावर लहान शाकाहारी डायनासोरचं हाड मिळालं की त्यावर हिप्सिलोफोडॉनची चिठ्ठी लागत आली. त्या चिठ्ठ्या लावलेली हाडं आता संग्रहालयांच्या खणांतून पुन्हा बाहेर काढावी लागणार आहेत.